तळाकडची लढाई

आमच्या नवीन पनवेलच्या सोसायटीत पाच-सहा पोरं पॅरिसच्या पीएसजी क्लबची भक्त आहेत. फ्रेंच लीग बहुतेक पीएसजीच जिंकणार हे ऑगस्टमध्येच दिसत असतं, मग वर्षभर बघता तरी काय, असं विचारलं की त्यांना राग येतो. मी फ्रेंच फुटबॉल बघतो तो मेअखेरीस, आणि तोही तळाचा. सामने आपल्याकडे मध्यरात्रीनंतर सुरू होतात, घरच्यांची झोप मोडू नये म्हणून कानात इअरफोन घालावे लागतात. पण त्या सामन्यांत जेवढा जीव टांगणीला लागतो, तेवढा विजेतेपदाच्या सामन्यातही क्वचितच लागतो.

व्यवस्था अशी आहे. वरच्या ‘लीग १’मध्ये २०२३-२४ पासून अठरा क्लब आहेत. सतरावा आणि अठरावा थेट खालच्या ‘लीग २’मध्ये जातात, तिथले पहिले दोन थेट वर येतात. इथवर सोपं. सोळाव्याला मात्र एटीकेटी मिळते. तिकडे लीग २ मधले चौथा आणि पाचवा आपसात एकच सामना खेळतात, जिंकणारा तिसऱ्याच्या मैदानावर जातो, आणि तिथे टिकेल तो सोळाव्याशी दोन सामने खेळतो, एक इथे, एक तिथे. दोन्ही सामन्यांचे गोल मिळवून जो पुढे, तो पुढच्या वर्षी वर. बरोबरी झाली तर जादा वेळ, त्यातही नाही सुटलं तर पेनल्टी. फ्रान्समध्ये या लढतीला ‘बराज’ म्हणतात.

२०१७ साली ही पद्धत पुन्हा सुरू झाली. तेव्हा वर वीस क्लब होते, म्हणून ही वेळ अठराव्यावर यायची. २०२० ची लढत कोविडने गेली, २०२३ ला क्लबांची संख्या कमी करायची असल्याने झालीच नाही. उरलेल्या वर्षांत, २०२५ पर्यंत, सात लढती झाल्या. ट्रॉयस, ऑसेर, सेंत-एतियेन आणि मेट्झ यांनी वरच्याला खाली ओढलं. तूलूज, दिजाँ आणि नाँत कसेबसे टिकले. नाँतचं टिकणं तर अगदी काठावरचं. २०२१ मध्ये तूलूजला जाऊन २-१ जिंकले, घरी ०-१ हरले, गोल सारखे झाले, आणि परक्या मैदानावरचे गोल जास्त म्हणून वाचले. तो नियम आता उरलेला नाही.

मेट्झचं प्रकरण मला सर्वांत आवडतं. २०२४ मध्ये ते वर होते, बराजमध्ये सेंत-एतियेनशी पहिला सामना १-२ हरले, घरी जादा वेळेपर्यंत झुंजून २-२, आणि खाली गेले. बरोबर एका वर्षाने तेच मेट्झ खालून दारावर धडका देत होते. समोर रँस. पहिला सामना १-१. मधल्या शनिवारी रँसला पॅरिसजवळ फ्रेंच कपच्या अंतिम सामन्यात पीएसजीने ३-० ने धुतलं, आणि पुढच्या गुरुवारी घरच्या मैदानावर मेट्झने जादा वेळेत ३-१. एका आठवड्यात कपही गेला, लीगमधली जागाही गेली.

हे सगळं गोडच आहे असंही नाही. मे २०२२ मध्ये, दहा वेळा विजेता ठरलेला सेंत-एतियेन पेनल्टीत ऑसेरकडून हरला आणि प्रेक्षक फटाके घेऊन मैदानात घुसले. खेळाडू जीव मुठीत धरून बोगद्याकडे पळाले, पोलिसांना अश्रुधूर सोडावा लागला. शिक्षा म्हणून क्लबने पुढचा हंगाम वजा तीन गुणांनी सुरू केला. शिवाय वर्षभर घाम गाळून तिसरा आलेल्याने पाचव्याकडून एका संध्याकाळी हरावं, यात अन्याय आहेच. तरीही मी या पद्धतीच्या बाजूचा आहे, आणि त्याचं कारण फ्रान्समध्ये नाही, आपल्याकडे आहे.

आपल्याकडच्या तेव्हाच्या सर्वोच्च लीगमध्ये, आय-लीगमध्ये, खाली जाण्याचा नियम होता, पण त्याला पळवाट होती. पैसे भरून थेट प्रवेश घेतलेल्या नव्या क्लबला सुरुवातीला रेलिगेशनपासून अभय. २०१४-१५ मध्ये पुण्याचा भारत एफसी तळाला राहिला, पण खाली गेला त्याच्या वरचा डेम्पो. पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला, गोव्याच्या फुटबॉलचा मानाचा क्लब. पुढच्याच वर्षी तळाला पुन्हा पुण्याचाच डीएसके शिवाजियन्स, आणि खाली ढकलला गेला मिझोरमचा ऐजॉल. डेम्पो दुसरी श्रेणी जिंकून परतला खरा, पण २०१६ मध्ये महासंघाचा पुढचा आराखडा पटला नाही म्हणून गोव्याचे डेम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे तिघे लीगबाहेर पडले. जागा रिकाम्या झाल्या म्हणून ऐजॉलला परत बोलावलं.

आणि मग ते वर्ष आलं. २०१६-१७. मी हार्बर लोकलने सीएसएमटीला उतरून हुतात्मा चौकातून चालत कुपरेजला जायचो, मुंबई एफसीसाठी. प्रशिक्षक खालिद जमीलने सात वर्षं हा संघ सांभाळला होता. बक्षिसं नाहीत, पण खालीही जाऊ दिलं नाही. २०१६ ला त्याला सोडलं. तो ऐजॉलला गेला, आणि आदल्या वर्षी खाली ढकललेल्या त्या संघाला ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगमध्ये विजेतेपद मिळवून दिलं. ईशान्येकडचा पहिला विजेता. मुंबई एफसी मात्र दहांत दहावा. मला आठवतात ती कुपरेजच्या बाकांवरची थोडीशी पिवळी गर्दी आणि ढोल. गोल बसला की ढोल थांबायचा, मिनिटभराने पुन्हा सुरू व्हायचा. खाली गेल्यावर तो क्लब पुन्हा उभा राहिला नाही. खाली जाण्यात गैर काही नाही. खालून वर येण्याची वाटच विश्वासाची नसेल तर मालक दुसरं काय करणार?

आता वरची श्रेणी असलेली इंडियन सुपर लीग (आयएसएल) २०१४ ला सुरू झाली ती खाली जाण्याची भीती न ठेवताच. २०२३-२४ मध्ये हैदराबादने अख्ख्या हंगामात एक सामना जिंकला, पुढच्या हंगामात ते तिथेच होते. आय-लीगमधून वर येण्याचं दार उघडलं ते पंजाब एफसीसाठी, २०२३ मध्ये. वर्षभराने कोलकात्याचा मोहम्मेडन आला. मोहम्मेडन वर येऊन लगेच तळाला गेला, तरी खाली कुणीच गेलं नाही. २०२५ चा आय-लीग विजेता तर मैदानावर ठरलाच नाही. करंडक एप्रिलमध्ये गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सच्या हातात होता, जुलैमध्ये लुसानच्या क्रीडा लवादाने तो इंटर काशीला दिला.

फ्रान्समध्येही कागदावरचे निर्णय होतात. तिथली आर्थिक देखरेख समिती कर्जबाजारी क्लबला थेट खाली टाकते; सहा वेळा विजेता ठरलेला बोर्दो २०२४ मध्ये असाच चौथ्या श्रेणीत गेला. पण तो नियम मोठ्या-छोट्याला सारखा लागू होतो, आणि सोळाव्या क्रमांकाला कुणाचीही ओळख वाचवत नाही.

माझी मागणी साधी आहे. आयएसएलमधल्या शेवटून दुसऱ्या संघाने दर वर्षी खालच्या श्रेणीतल्या दुसऱ्याशी दोन सामने खेळावेत, एक स्वतःच्या गावात, एक समोरच्याच्या. अभय कुणालाही नको, मग तो पुण्याचा असो, मुंबईचा की कोलकात्याचा.