तळहातावरच्या फ्रेंच गाड्या

हातातला फोन जरा आडवा धरून पाहा. त्याची लांबी साधारण १५ सेंटीमीटर असेल. फ्रान्समध्ये बनलेली बुगाटी रोयाल ही अवाढव्य गाडी ४३ पटींनी लहान केली, तर ती बरोबर एवढीच होते. खरी रोयाल ६ मीटरहून लांब होती आणि तिचं इंजिन होतं जवळपास १२.७ लिटरचं. राजेरजवाड्यांसाठी अशा २५ गाड्या बनवायचा कंपनीचा बेत होता. पण तेवढ्यात जगभर मंदी आली. बनल्या फक्त ६ आणि त्यातल्या ३ गाड्यांनाच गिऱ्हाईक मिळालं. त्यांच्यासाठी तयार केलेली इंजिनं पुढे रेल्वेच्या मोटरडब्यांत बसवली गेली.

खरी रोयाल घरी आणणं तुम्हाआम्हाला या जन्मी जमायचं नाही. पण तिचं हुबेहूब छोटं मॉडेल टीव्हीशेजारच्या शोकेसमध्ये नक्की मावतं. जुन्या फ्रेंच गाड्यांची अशी मॉडेल्स जमवण्याचा छंद जगभर अनेकांना आहे. घरच्यांचा पहिला प्रश्न मात्र सगळीकडे सारखाच असतो, ‘‘या वयात खेळण्यातल्या गाड्या?’’ या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे तयार हवं. ते तयार करायला हा लेख उपयोगी पडेल.

४३ हाच आकडा का?

या छंदात १:४३ हे माप सगळ्यात लाडकं आहे. त्याचं मूळ खेळण्यातल्या रेल्वेत आहे. १९३०च्या दशकात युरोपात ‘ओ गेज’च्या खेळण्यातल्या आगगाड्या लोकप्रिय होत्या. स्टेशन आलं, फलाट आला, मग स्टेशनबाहेर उभ्या करायला मोटारीही हव्यात. ब्रिटनच्या मेकॅनो कंपनीने अशा छोट्या धातूच्या गाड्या काढल्या आणि १९३४पासून त्या ‘डिंकी टॉइज’ नावाने विकल्या जाऊ लागल्या. फ्रान्समध्ये पॅरिसजवळच्या बोबिन्यी इथल्या कारखान्यात फ्रेंच डिंकी बनत असत.

हे माप घरासाठीही सोयीचं आहे. सिट्रोएन २सीव्ही या मापात जेमतेम ९ सेंटीमीटरची होते, तर सिट्रोएन डीएस ११ सेंटीमीटरची. दोन फुटांच्या फळीवर डझनभर गाड्या आरामात उभ्या राहतात. १:१८ मापात बारकावे जास्त दिसतात, पण एकेक गाडी वीतभर जागा अडवते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी आधी फळी मोजावी, मग माप ठरवावं.

खेळणी बनवणारेही भन्नाट

मुलांच्या हाती आपल्या गाडीचं खेळणं दिलं, तर मोठेपणी ती आपलीच गाडी घेतील, हे सिट्रोएन कंपनीने फार लवकर ओळखलं. १९२३मध्येच तिने स्वतःच्या गाड्यांची खेळणी बाजारात आणली.

पुढे सॉलिडो आणि नोरेव ही दोन फ्रेंच नावं घरोघरी पोहोचली. सॉलिडोची सुरुवात १९३०च्या दशकातली, तर नोरेवची दुसऱ्या महायुद्धानंतरची. ल्योंजवळच्या वेरों कुटुंबाने आपलं आडनाव उलटं लिहिलं आणि ‘नोरेव’ हे नाव तयार झालं. धातूच्या गाड्या महाग पडत, म्हणून त्यांनी प्लास्टिकच्या, स्वस्त गाड्या बनवल्या. त्यामुळे साध्या घरांतल्या मुलांनाही त्या मिळू लागल्या.

या खेळण्यांवर काळाच्या खुणाही उमटल्या आहेत. महायुद्धाच्या काळात रबराची टंचाई होती, म्हणून त्या वेळच्या काही फ्रेंच डिंकींची चाकंही धातूचीच आहेत. १९५०च्या दशकातल्या सुरुवातीच्या मॉडेल्सना खिडक्यांच्या काचा नसायच्या, त्या नंतर आल्या. अशा खुणा वाचता येऊ लागल्या की गाडी साधारण कधीची ते तुम्ही स्वतःच ओळखू लागता.

गाडी लहान, गोष्ट मोठी

शोकेससमोर उभ्या राहिलेल्या पाहुण्याला गाडीची किंमत सांगू नका, तिची गोष्ट सांगा. या ३ गाड्यांपासून सुरुवात करता येईल.

ट्रॅक्सियों अव्हां : १९३४मध्ये आलेली ही सिट्रोएन काळाच्या खूप पुढे होती. इंजिनाची ताकद मागच्या चाकांऐवजी पुढच्या चाकांना दिलेली आणि वेगळी चौकट न ठेवता सगळी बॉडी एकसंध. पण ती बनवताना झालेल्या खर्चाने कंपनी बुडाली. त्याच वर्षाच्या अखेरीस ती मिशलॅंच्या ताब्यात गेली आणि १९३५मध्ये आंद्रे सिट्रोएन यांचं निधन झालं. गाडी मात्र १९५७पर्यंत बनत राहिली. तिचं यश पाहणं त्यांच्या नशिबात नव्हतं.

२सीव्ही : ही शेतकऱ्यांची गाडी. नांगरलेल्या शेतातून अंड्यांची टोपली नेली तरी एकही अंडं फुटता कामा नये, अशी तिच्याकडून अपेक्षा होती. महायुद्ध सुरू झालं तेव्हा तिचे नमुने जर्मनांच्या हाती लागू नयेत म्हणून बरेचसे नष्ट केले गेले, काही लपवले गेले. १९९०च्या दशकात कंपनीच्या चाचणी केंद्रातल्या एका कोठाराच्या माळ्यावर त्यातल्या ३ गाड्या सापडल्या. २सीव्ही १९४८मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात लोकांसमोर आली आणि १९९०पर्यंत बनत होती.

डीएस : १९५५च्या पॅरिस प्रदर्शनात ही गाडी पाहून लोक वेडे झाले. पहिल्याच दिवशी सुमारे १२,००० गाड्यांची मागणी नोंदवली गेली. तेल आणि वायूच्या दाबावर चालणाऱ्या सस्पेन्शनमुळे इंजिन सुरू केलं की गाडी हळूच वर उचलली जायची. १९६२मध्ये राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्या डीएसवर गोळीबार झाला. टायर फुटूनही गाडी थांबली नाही आणि ते बचावले.

आता सांगा, हे खेळणं आहे का?

जुनी घ्यावी की नवी?

नवीन असाल तर नव्याने बनलेल्या मॉडेलपासूनच सुरुवात करा. नोरेव आणि सॉलिडो ही नावं आजही बाजारात आहेत आणि त्यांच्या नव्या मॉडेल्समध्ये स्टिअरिंगपासून नंबरप्लेटपर्यंत बारकावे असतात.

जुन्या मॉडेलची किंमत ठरते ती रंगावर, सुट्या भागांवर आणि सर्वांत जास्त बॉक्सवर. इथेच फसगत होते. मी माझी पहिली ‘जुनी’ डिंकी ऑनलाइन घेतली, तेव्हा फोटोतल्या पिवळट बॉक्सवरच भाळले. हातात आल्यावर पाहिलं तर पुठ्ठा आतून पांढराशुभ्र, म्हणजे बॉक्स नव्याने छापलेला. गाडी खरी, बॉक्स नकली आणि पैसे मात्र दोन्हींचे गेले. तेव्हापासून मी बॉक्सच्या आतल्या बाजूचा, गाडीच्या तळाचा आणि चाकांचा फोटो मागवल्याशिवाय व्यवहार करत नाही. जुन्या डिंकींच्या नव्या आवृत्त्याही निघाल्या आहेत. त्या घेण्यात काही गैर नाही, फक्त त्यांना जुन्याचा भाव देऊ नका.

परदेशातून मागवणार असाल, तर आयात शुल्क आधी विचारा. आपल्याकडे खेळण्यांवरचं हे शुल्क २०२०मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३मध्ये ७० टक्के झालं होतं. दर बदलत असतात, त्यामुळे गाडी, टपाल आणि शुल्क मिळून एकूण किती होतील ते कळल्यावरच पैसे भरा.

धातूलाही आजार होतो

जुन्या गाड्या जस्ताच्या मिश्रधातूच्या असतात. त्यात शिशाचा अंश गेला असेल, तर कित्येक वर्षांनी धातू आतून तडकतो, फुगतो आणि बिस्किटासारखा चुरा होतो. त्यावर औषध नाही. म्हणून महायुद्धाच्या आधीची गाडी घेताना बारीक भेगा आहेत का, दरवाजाच्या रेषा वाकड्या झाल्यात का, हे नीट पाहा. जुन्या नोरेवचं प्लास्टिकही काळाने वाकतं.

म्हणूनच भविष्यात दुपटीने विकू या हिशोबाने हा छंद जोपासू नका. जी गाडी न विकतासुद्धा तुम्हाला आनंद देईल, तीच घ्या.

घरात सांभाळताना

* शोकेस थेट उन्हात ठेवू नका, रंग फिका पडतो.
* दमट शहरांत राहत असाल तर पावसाळ्यात शोकेसमध्ये ओलावा शोषणाऱ्या पुड्या ठेवा आणि वेळोवेळी बदला.
* धूळ फडक्याने पुसू नका, आरसे आणि वायपर तुटतात. रंगकामाचा मऊ कोरडा ब्रश वापरा.
* काही रबरी टायर वर्षानुवर्षं एकाच जागी राहिले की प्लास्टिकला चिकटतात. अधूनमधून गाड्या हलवत राहा.
* सुटे भाग बारीक असतात, त्यामुळे लहान मुलांच्या हाती ही मॉडेल्स देऊ नका.

सुरुवात घरापासून

‘सगळ्या फ्रेंच गाड्या’ जमवायला निघालात तर पैसा आणि जागा दोन्ही संपतील. एकच धागा धरा. फक्त सिट्रोएन, फक्त टॅक्सी, फक्त १९५०चं दशक, काहीही चालेल. नाहीतर घरातच विचारा. १९९०च्या दशकात प्यूजो ३०९ ही फ्रेंच गाडी आपल्या कल्याणच्या कारखान्यात बनत होती. कदाचित तुमच्या काकांनी किंवा बाबांच्या साहेबांनी ती चालवली असेल. ती गाडी विंटेज नसेल, पण तुमच्या संग्रहाची पहिली गोष्ट तिथूनच सुरू होऊ शकते. एका वहीत प्रत्येक गाडीची खरेदीची तारीख, किंमत आणि तिची गोष्ट लिहून ठेवा. उद्या हा संग्रह दुसऱ्या कोणाच्या हाती गेला, तर वहीशिवाय त्या नुसत्या खेळण्यातल्या गाड्या ठरतील.

बुगाटीची अटलांटिक ही आणखी एक देखणी गाडी. तिच्या फक्त ४ प्रती बनल्या. त्यातली एक काळी अटलांटिक दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बेपत्ता झाली आणि आजवर सापडलेली नाही. ती खरी गाडी आज कोणालाच पाहता येत नाही. पण तिचं छोटं मॉडेल मात्र कित्येक घरांतल्या शोकेसमध्ये दिमाखात उभं आहे.

तेव्हा पुन्हा कोणी विचारलं, ‘‘या वयात खेळण्यातल्या गाड्या?’’ तर शोकेस उघडा, एक गाडी त्यांच्या तळहातावर ठेवा आणि तिची गोष्ट सांगायला सुरुवात करा.