एका कापडाचे वस्त्र : इस्से मियाके यांचे कार्य

इस्से मियाके यांचा जन्म २२ एप्रिल १९३८ रोजी जपानमधील हिरोशिमा येथे झाला. त्यांच्या नावाशी आज चुणीदार कपडे, त्रिकोणांच्या बॅगा आणि अत्तराची निमुळती बाटली जोडली जाते. मात्र त्यांचे खरे काम या वस्तूंपेक्षा मोठे आहे. कपडा म्हणजे काय, तो कसा तयार व्हावा आणि त्याचे अंगाशी नाते कसे असावे, हे प्रश्न त्यांनी मुळापासून पुन्हा विचारले. त्यांची उत्तरे शोधण्यासाठी विणकर, रसायनतज्ज्ञ, गणिती, नर्तक आणि छायाचित्रकार यांना त्यांनी सोबत घेतले. फॅशनच्या जगात दर हंगामाला नवे रूप देणारे पुष्कळ होऊन गेले. कपडा करण्याची रीतच बदलणारे फार थोडे, आणि मियाके त्या थोड्यांपैकी होते.

६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबाँब पडला, तेव्हा ते सात वर्षांचे होते. किरणोत्सर्गाच्या परिणामामुळे पुढच्या तीन वर्षांच्या आत त्यांच्या आईचा मृत्यू झाला. या आठवणीबद्दल ते अनेक दशके जाहीरपणे बोलले नाहीत. ‘बाँबमधून वाचलेला डिझायनर’ अशी ओळख त्यांना नको होती. २००९ मध्ये मात्र त्यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लेख लिहून हे मौन सोडले आणि अमेरिकेचे अध्यक्ष बराक ओबामा यांनी हिरोशिमाला यावे, असे आवाहन केले. नष्ट होणाऱ्या गोष्टींपेक्षा निर्माण करता येणाऱ्या, सौंदर्य आणि आनंद देणाऱ्या गोष्टींचा विचार करणे आपण पसंत केले, असे त्यांनी त्या लेखात नमूद केले. ओबामा २०१६ मध्ये हिरोशिमाला गेले. शहराच्या पुनर्उभारणीत शिल्पकार इसामू नोगुची यांनी तेथील पुलांचे कठडे घडवले होते. डिझाइन माणसाला उभारी देऊ शकते याची पहिली जाणीव शाळकरी वयात ते कठडे पाहून झाली, असे मियाके सांगत.

तोक्योच्या तामा कला विद्यापीठात त्यांनी ग्राफिक डिझाइनचे शिक्षण घेतले. १९६० मध्ये तोक्योत जागतिक डिझाइन परिषद भरली, तेव्हा तिच्या विषयांत कपड्यांना जागाच नव्हती. विद्यार्थिदशेतल्या मियाके यांनी आयोजकांना पत्र लिहून त्याबद्दल विचारणा केली. खुर्ची, इमारत आणि यंत्र यांच्या पंक्तीत कपडाही बसतो, ही त्यांची धारणा तेव्हाच पक्की झालेली दिसते. स्वतःला ‘फॅशन डिझायनर’ म्हणवून घेणे त्यांना पुढेही फारसे रुचले नाही.

१९६५ मध्ये ते पॅरिसला गेले. तेथे शिवणकलेचे रीतसर शिक्षण घेऊन त्यांनी गी लारोश आणि ह्युबर्ट द जिव्हान्शी यांच्याकडे उमेदवारी केली. ही घराणी मोजक्या धनिक स्त्रियांसाठी अंगाबरहुकूम पोशाख बेतणारी होती. मे १९६८ मध्ये पॅरिसचे रस्ते विद्यार्थ्यांनी आणि कामगारांनी भरून गेले, आणि तो उठाव मियाके यांनी जवळून पाहिला. थोड्यांसाठी नव्हे, पुष्कळांसाठी कपडे करायचे, हा त्यांचा निश्चय त्या दिवसांतला. त्यानंतर ते न्यूयॉर्कला जेफ्री बीन यांच्याकडे काम करू लागले आणि १९७० मध्ये तोक्योला परतून त्यांनी ‘मियाके डिझाइन स्टुडिओ’ सुरू केला. १९७३ पासून त्यांचे संग्रह पॅरिसमध्ये नियमित सादर होऊ लागले. रेइ कावाकुबो आणि योजी यामामोतो हे जपानी डिझायनर १९८१ मध्ये पॅरिसमध्ये आले आणि त्यांनी खळबळ उडवली. त्यांच्यासाठी दार आधीच किलकिले करणाऱ्यांत केन्झो ताकादा आणि मियाके हे दोघे प्रमुख होते.

सुरुवातीच्या कामात जपानी परंपरा आणि समकालीन जग एकत्र आलेले दिसते. जिमी हेन्ड्रिक्स आणि जॅनिस जॉप्लिन या नुकत्याच निधन पावलेल्या गायकांचे चेहरे त्यांनी जपानी गोंदणाच्या शैलीत अंगालगत कापडावर उमटवले. शेतकरी आणि मजूर यांच्या कपड्यांना मजबुती देणारी साशिको ही धावदोऱ्याची भरड शिवण त्यांनी कोटांसाठी वापरली. कापडाच्या या सगळ्या शोधात वस्त्र-अभिकल्पक माकिको मिनागावा यांचा वाटा फार मोठा आहे. मियाके कल्पना सांगत आणि मिनागावा ती धाग्यात उतरवत. हे श्रेय मियाके यांनी कधी लपवले नाही.

त्यांच्या विचाराचा गाभा समजण्यासाठी दोन शिवणपद्धतींतला फरक ध्यानात घ्यावा लागतो. युरोपीय शिवणकामात कापड वेगवेगळ्या आकारांत कापले जाते आणि टीप घालून शरीराच्या गोलाईवर बसवले जाते. कापताना उरणाऱ्या चिंध्या वाया जातात. किमोनोची रीत वेगळी आहे. सुमारे ३६ सेंटीमीटर पन्ह्याचे लांब कापड सरळ रेषांत कापून आयताकृती तुकडे जोडले जातात, त्यामुळे वाया जवळजवळ काहीच जात नाही, आणि उसवले की पुन्हा तेच कापड हाती येते. किमोनो अंगाला चिकटत नाही, माणसाभोवती उभा राहतो. साडी किंवा धोतर नेसणाऱ्या समाजाला ही कल्पना परकी वाटणार नाही. अंग आणि कापड यांच्यामधली मोकळी जागा हाच कपड्याचा प्राण आहे, असे मियाके मानत. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून त्यांनी ‘एका कापडाचे वस्त्र’ हे सूत्र धरले आणि शेवटपर्यंत सोडले नाही.

१९८० च्या दशकात त्यांनी उलट्या टोकाचेही प्रयोग केले. प्लास्टिकच्या साच्यात ओतलेली चोळी झाली, बांबू आणि वेत विणून केलेले धड झाले. त्यातला वेताचा पोशाख फेब्रुवारी १९८२ मध्ये ‘आर्टफोरम’ या कलाविषयक मासिकाच्या मुखपृष्ठावर आला. गंभीर कलेच्या व्यासपीठावर कपड्याला मिळालेला हा मान तेव्हा अपूर्व होता. तरीही ही संग्रहालयात शोभणारी कामे होती. रोजच्या वापराचा प्रश्न त्यांनी सोडवला तो चुण्यांमधून.

चुण्यांचे कापड नवे नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभी व्हेनिसमध्ये मारियानो फोर्तुनी यांनी रेशमाचे बारीक चुण्यांचे झगे केले होते. पण रेशमाच्या चुण्या पाण्याने मोडतात, त्यामुळे ते झगे धुणे जिकिरीचे होते. शिवाय रूढ पद्धतीत आधी कापडाला चुण्या पाडतात आणि मग ते बेतून शिवतात. मियाके यांच्या चमूने १९८८ पासून हा क्रमच फिरवला. हलक्या पॉलिस्टरचा कपडा हव्या असलेल्या मापाच्या अडीच ते तीनपट मोठा बेतून, पूर्ण शिवून घ्यायचा, मग तो कागदाच्या दोन थरांमध्ये ठेवून उष्ण दाबयंत्रातून काढायचा. पॉलिस्टर उष्णतेने मऊ होते आणि गार झाल्यावर मिळालेला आकार पक्का धरते. यंत्रातून बाहेर पडलेला कपडा मापाला लहान झालेला असतो आणि त्याच्या चुण्या कायमच्या बसलेल्या असतात. तो मशीनमध्ये धुता येतो, चटकन वाळतो, इस्त्री मागत नाही, आणि प्रवासाच्या पिशवीत गुंडाळी करून ठेवला तरी बिघडत नाही. चुण्या ताणल्या जातात आणि पुन्हा मिटतात, म्हणून एकच माप निरनिराळ्या बांध्यांना बसते. वय वाढले, वजन कमी-जास्त झाले तरी कपडा टाकून द्यावा लागत नाही, हा गुण जाहिरातीत दिसत नाही पण वापरणाऱ्याला वर्षानुवर्षे पुरतो.

या कापडाची कसोटी रंगमंचावर लागली. नृत्यदिग्दर्शक विल्यम फोर्साइद यांच्या फ्रँकफर्ट बॅलेसाठी १९९१ मध्ये मियाके यांनी चुणीदार पोशाख केले. उडी, गिरकी, लोळण या सगळ्यांत नर्तकांचे अंग मोकळे राहिले, आणि कपड्याने नृत्याला दृश्यरूप दिले. पुढे १९९३ मध्ये ‘प्लीट्स प्लीज’ ही स्वतंत्र श्रेणी बाजारात आली. जीन्स आणि टी-शर्टसारखा सगळ्यांना वापरता येईल असा कपडा, ही तिच्यामागची इच्छा होती. किमतीमुळे ती इच्छा पुरती साधली नाही, हे मान्य करावे लागते. तरीही वास्तुविशारद झाहा हदीद यांच्यापासून विद्यापीठातल्या प्राध्यापिकांपर्यंत कामकरी स्त्रियांनी हे कपडे आपलेसे केले, ते रूपासाठी जितके तितकेच सोयीसाठी. १९९५ मध्ये मियाके यांनी पॅरिसमधल्या एका सादरीकरणात वयोवृद्ध स्त्रियांना मंचावर आणले. फॅशनच्या मंचावरून वार्धक्य लपवण्याची रीत तेव्हा सर्वमान्य होती.

चुण्यांनंतरचा मोठा टप्पा १९९८ मधला. दाइ फुजिवारा या तरुण सहकाऱ्याबरोबर त्यांनी ‘ए-पॉक’ ही पद्धत उभी केली. संगणकाने चालणारे विणकाम यंत्र धाग्यापासून सलग नळीसारखे कापड विणते, आणि त्याच विणीत झगा, बाही, टोपी, मोजे यांचे आकार आधीच बांधलेले असतात. ग्राहकाने कात्री घेऊन आखलेल्या रेषेवरून कापायचे, की कपडा तयार. बाही आखूड हवी की लांब, गळा मोठा हवा की लहान, हे घालणाराच ठरवतो. वीण अशी आहे की कापलेल्या कडेचे धागे सुटत नाहीत, त्यामुळे शिलाई लागत नाही आणि वाया जाणारे कापडही कमी होते. धागा आणि कपडा यांच्यात पूर्वी कितीतरी टप्पे असत; ते येथे एकाच क्रियेत सामावले. तिचे एक रूप, ‘ए-पॉक क्वीन’, न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहे. कचरा न करणारे शिवणकाम आणि विणून थेट तयार होणारे कपडे यांची आजची चर्चा ज्या वळणावर आहे, तेथे मियाके पंचवीस वर्षांपूर्वी पोहोचले होते.

२०१० मध्ये ‘१३२ ५.’ या श्रेणीने घडीचे गणित कपड्यात आणले. संगणकतज्ज्ञ जुन मितानी यांनी त्रिमितीय वस्तूला सपाट घड्यांत उतरवणारी आज्ञावली लिहिली होती. तिच्या आधारे सपाट तारका, चौकोन अशा घड्या तयार झाल्या. त्या वर उचलल्या की झगा उलगडतो. नावातले आकडेही याच विचाराचे आहेत: एक कापड, तीन मिती, दोन मिती, आणि अंतर सोडून लिहिलेला पाच, म्हणजे घडी तयार झाल्यापासून ती अंगावर घातली जाईपर्यंतचा काळ. कापड पुनर्वापर केलेल्या पॉलिस्टरचे होते. हीच युक्ती वापरून दोन वर्षांनी ‘इन-एइ’ हे दिवे झाले.

मियाके यांची सहयोगाची पद्धत हा त्यांचा वेगळा वारसा आहे. छायाचित्रकार अर्व्हिंग पेन यांना ते १९८६ पासून तेरा वर्षे आपले कपडे न्यूयॉर्कला पाठवत राहिले. छायाचित्रणाच्या वेळी स्वतः मात्र एकदाही हजर राहिले नाहीत. काय टिपायचे ते पेन यांनी ठरवावे, असा विश्वास होता. सोनी कंपनीसाठी त्यांनी १९८१ मध्ये जाकीट तयार केले, ज्याच्या बाह्या चेनने काढता येत. ते पाहून स्टीव्ह जॉब्स यांनी अॅपलच्या कर्मचाऱ्यांसाठी गणवेश मागवला. कर्मचाऱ्यांनी तो साफ नाकारला. मग जॉब्स यांनी स्वतःसाठी मियाके यांचे काळे उंच गळ्याचे स्वेटर करून घेतले आणि तोच त्यांचा पोशाख झाला. ही गोष्ट जगभर सांगितली जाते, पण मियाके यांच्या कामाचा तो फार लहान कोपरा आहे.

भारताशी त्यांचा संबंध वरवरचा नव्हता. १९८० च्या दशकात अहमदाबादच्या आशा साराभाई यांच्या हातमाग आणि हस्तशिवणीच्या कामाला त्यांनी जपानमध्ये बाजार दिला. पुढे माकिको मिनागावा यांनी ‘हाट’ ही श्रेणी २००० मध्ये सुरू केली. आपल्याकडच्या गावबाजाराचे नाव घेतलेल्या या श्रेणीत भारतीय कारागिरांच्या कामाला मोठे स्थान आहे. तोक्योच्या रोप्पोंगी भागात ‘ट्वेंटीवन ट्वेंटीवन डिझाइन साइट’ हे डिझाइन केंद्र मियाके यांच्या पुढाकाराने २००७ मध्ये उभे राहिले. तादाओ आंदो यांनी त्याचे छत एका घडी घातलेल्या पोलादी पत्र्यासारखे रचले आहे. २०१८ मध्ये तेथे खादीवर प्रदर्शन भरले. भारतीय वस्त्रपरंपरेचे अभ्यासक मार्तंड सिंग यांचे कार्य त्याच्या केंद्रस्थानी होते. परदेशी डिझायनर भारतीय नक्षी उचलतात आणि कारागिराचे नाव विसरतात, हे वारंवार घडते. मियाके यांच्या चमूने नाव आणि श्रेय दोन्ही जपले.

मुख्य श्रेणीचे काम त्यांनी १९९९ मध्येच नाओकी ताकिझावा यांच्याकडे सोपवले आणि स्वतः संशोधनाकडे वळले. नंतर दाइ फुजिवारा, योशियुकी मियामाए आणि सातोशी कोंदो यांनी ती जबाबदारी घेतली. वारस अचानक शोधावे लागले नाहीत. स्टुडिओतच घडत गेले. २००६ मध्ये क्योतो पुरस्कार आणि २०१० मध्ये जपानचा संस्कृती सन्मान त्यांना मिळाला. ५ ऑगस्ट २०२२ रोजी तोक्योत यकृताच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले, तेव्हा ते ८४ वर्षांचे होते.

त्यांच्या कामाची एक बाजू आज तपासून पाहावी लागते. चुण्यांचा सगळा डोलारा पॉलिस्टरवर उभा आहे आणि कृत्रिम धाग्यांचे सूक्ष्म तंतू धुण्याच्या पाण्यातून निसर्गात जातात, हे आता माहीत झाले आहे. पुनर्वापराच्या धाग्याने ही अडचण पूर्ण सुटत नाही. पण एका हंगामात फेकून देण्यासाठी शिवलेल्या स्वस्त कपड्यांपुढे, अनेक वर्षे अंगावर राहणारा कपडा हा अधिक जबाबदार मार्ग आहे. योशियुकी मियामाए यांनी २०२१ मध्ये सुरू केलेल्या ‘ए-पॉक एबल’मध्ये त्याच दिशेने धागे, छपाई आणि विणकाम यांचे प्रयोग चालू आहेत, आणि ‘प्लीट्स प्लीज’च्या पहिल्या वर्षांतले कपडे जुन्या कपड्यांच्या बाजारात अजून मागणीने विकले जातात.