डॉक्टरांच्या हाताचा ‘गुण’ येतो कुठून?

‘त्या डॉक्टरांच्या हाताला गुण आहे,’ असं आपल्याकडे सहज म्हटलं जातं. तेच औषध दुसऱ्याने दिलं तर फरक पडत नाही आणि नेहमीच्या डॉक्टरांनी दिलं की पहिल्या गोळीतच बरं वाटतं, असं सांगणारे घरोघरी भेटतात. अनेकांना तर गोळीपेक्षा सुईनेच लवकर आराम पडतो. पण एखाद्याच्या तपासणीत काही सापडलं नाही आणि साध्या ताकदीच्या गोळीने त्याचं दुखणं थांबलं, की तीच माणसं म्हणतात, ‘काही झालं नव्हतं, सगळे मनाचे खेळ!’ मग औषध नसलेल्या गोळीने वेदना कमी होते, तेव्हा शरीरात नेमकं घडतं काय? वैद्यकशास्त्र ज्याला ‘प्लासिबो’ परिणाम म्हणतं, त्याची बरीच उकल आता झाली आहे.

इजा वेगळी, वेदना वेगळी

बोट दारात चिमटलं की त्वचेतले चेतातंतू इजेची वर्दी मज्जारज्जूमार्फत मेंदूकडे पाठवतात. ही वर्दी म्हणजे वेदना नव्हे. वेदनेचा अनुभव मेंदू तयार करतो आणि तसं करताना आजूबाजूची परिस्थिती, जुने अनुभव, भीती आणि अपेक्षा हे सगळं जमेस धरतो.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी भूलतज्ज्ञ हेन्री बीचर यांनी इटलीच्या आघाडीवर गंभीर जखमी झालेल्या सैनिकांची पाहणी केली. शुद्धीवर असलेल्या या सैनिकांना ‘वेदनाशामक हवं का?’ असं विचारलं, तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश जणांनी नको म्हटलं. बीचर यांचं अनुमान असं, की सैनिकासाठी जखम म्हणजे रणांगणातून जिवंत सुटका होती. शस्त्रक्रियेची तशीच जखम झालेले नागरी रुग्ण मात्र मोठ्या प्रमाणात औषध मागत होते. जखमेच्या अर्थावर वेदना ठरत होती.

मज्जारज्जूतलं दार

१९६५मध्ये रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशांसाठी जणू एक दार असल्याची कल्पना मांडली. ठेच लागली की आपण ती जागा चोळतो. स्पर्शाचे संदेश हे दार थोडं लोटतात, म्हणून बरं वाटतं. हे दार मेंदूकडूनही उघडता किंवा लोटता येतं, हे या सिद्धांतातलं महत्त्वाचं सूत्र होतं. चारच वर्षांनी उंदरांवरच्या प्रयोगात त्याला बळ मिळालं. मध्यमेंदूच्या एका भागाला सौम्य विद्युतप्रवाह दिल्यावर भूल न देताही त्यांच्या पोटावर शस्त्रक्रिया करता आली. पुढे १९७५मध्ये स्कॉटलंडमधील अ‍ॅबरडीन इथे जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांना मेंदूत मॉर्फिनसारखं काम करणारी रसायनं सापडली. आपलं शरीर स्वतःचं वेदनाशामक स्वतः बनवतं, हे त्यातून कळलं.

अक्कलदाढेचा प्रयोग

प्लासिबोचा या रसायनांशी संबंध आहे का? सॅन फ्रान्सिस्कोत १९७८मध्ये जॉन लेव्हिन, न्यूटन गॉर्डन आणि हॉवर्ड फील्ड्स यांनी हे तपासलं. दाढ काढलेल्या काही रुग्णांना वेदनाशामक म्हणून प्रत्यक्षात औषध नसलेलं इंजेक्शन दिलं गेलं. काहींचं दुखणं खरोखर कमी झालं. नंतर नॅलोक्सोन दिल्यावर मात्र या आराम पडलेल्यांचं दुखणं पुन्हा वाढलं. नॅलोक्सोन हे मॉर्फिनचा परिणाम रोखणारं औषध आहे. केवळ कल्पनेने पडलेला आराम ते रोखू शकलं नसतं. म्हणजे शरीरात खरंच काही स्रवत होतं.

२००९मध्ये जर्मनीतील हॅम्बुर्गच्या संशोधकांनी आणखी पुढचं पाऊल टाकलं. स्वयंसेवकांच्या हाताला साधं मलम लावून ते वेदनाशामक असल्याचं सांगितलं आणि चटका दिला. स्कॅनमध्ये दिसलं, की वेदनेला मिळणारा प्रतिसाद मज्जारज्जूतच मंदावला होता. विश्वासाचा परिणाम मेंदूपासून थेट पाठीच्या कण्यापर्यंत उतरला होता.

खऱ्या औषधावरही परिणाम

हा परिणाम खोट्या गोळीपुरताच मर्यादित नाही. ऑक्सफर्ड विद्यापीठात २२ निरोगी स्वयंसेवकांच्या पायाला चटका देऊन वेदनेला शंभरपैकी गुण द्यायला सांगितलं गेलं. औषधाविना सरासरी ६६ गुण आले. त्यांना न सांगता सलाइनमधून प्रभावी वेदनाशामक सुरू केल्यावर ते ५५वर आले. ‘आता औषध सुरू केलं’ असं सांगताच ते ३९ झाले. ‘औषध बंद केलं, दुखणं वाढेल’ असं सांगितल्यावर ते ६४वर गेले. प्रत्यक्षात औषधाची धार तशीच चालू होती! २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात अपेक्षेने औषधाचा फायदा दुप्पट केला आणि भीतीने तो जवळजवळ पुसून टाकला. भीतीच्या या उलट परिणामाला ‘नोसिबो’ म्हणतात.

बरं वाटणं आणि बरं होणं

इथेच सावध राहायला हवं. २०११मध्येच बोस्टनमधील संशोधकांनी दम्याच्या रुग्णांना कधी खरा इनहेलर, कधी औषध नसलेला इनहेलर, तर कधी लुटुपुटीचं अ‍ॅक्युपंक्चर दिलं. तिन्ही वेळी रुग्णांना जवळपास सारखंच बरं वाटलं. फुप्फुसांची क्षमता मोजल्यावर मात्र चित्र बदललं. खऱ्या औषधाने ती सुमारे २० टक्के सुधारली. इतर उपचारांनी सुमारे सातच टक्के, आणि काहीच न देताही साधारण तेवढीच. दम्यात असा दिलासा धोक्याचा ठरू शकतो, कारण आकसलेली श्वासनलिका तशीच राहते. प्लासिबोने गाठ विरघळत नाही, जंतुसंसर्ग जात नाही, हाड जुळत नाही. शिवाय काही दुखणी आपोआपही कमी होतात आणि श्रेय शेवटी घेतलेल्या उपचाराला मिळतं. त्यामुळे ‘मला गुण आला’ एवढ्यावरून आजार हटला असं ठरत नाही.

दुसरी चूक याच्या उलट आहे. साध्या गोळीने आराम पडला म्हणजे दुखणं खोटं होतं, हा निष्कर्षही चुकीचा आहे. अक्कलदाढेच्या रुग्णांची जखम खरीच होती. तेव्हा साध्या गोळीने रुग्णाची ‘परीक्षा’ घेऊ नये आणि घरातल्या माणसाच्या कण्हण्याला नाटक म्हणू नये.

डॉक्टरांनी दोन मिनिटं देऊन औषध कशासाठी आहे आणि उतार साधारण किती वेळात पडेल हे सांगितलं, तर त्याच गोळीचा लाभ वाढू शकतो. रुग्णांनीही ते विचारून घ्यावं आणि दुष्परिणामांची शंका असल्यास परस्पर औषध बंद न करता स्पष्ट बोलावं. दुखणं थांबलं तरी सांगितलेली तपासणी टाळू नये. हाताचा ‘गुण’ खरा आहे, पण तो योग्य निदान आणि योग्य औषधाच्या जोडीला हवा.