अडतिसांतला एक

सेकंदाला एक अशी माणसं मोजत बसलात, न झोपता, न जेवता, तरी २ कोटी ९० लाखांपर्यंत पोचायला अकरा महिने लागतील. दारूवाचून शरीरच चालेना अशा अवस्थेतली एवढी माणसं आपल्या देशात आहेत. २०१९च्या एम्सच्या अहवालातला हा अंदाज. २ लाख घरांतल्या ४ लाख ७३ हजार लोकांना गाठून काढलेला, तेव्हा हवेतला म्हणता येणार नाही.

एवढा मोठा आकडा डोक्यात मावत नाही, म्हणून तो मुठा खोऱ्यात आणू. पिरंगुटहून घाट उतरून लवासाकडे जाताना मुठा गाव लागतं. या खोऱ्यातले हजार प्रौढ धरा. निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६च्या पाहणीतलं प्रमाण लावलं, तर तंबाखूचं व्यसन बाजूला ठेवूनही १०६ जणांना आज कुठला ना कुठला मानसिक विकार असेल. दारूचा विकार ४६ जणांना. (त्या पाहणीतल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, तेव्हा हा हिशेब देशाच्या मापाने.) तंबाखूचं तर विचारूच नका. २०१६-१७च्या पाहणीनुसार राज्यात हजारी २६६ जण ती घेतात. पारावर कुणी तळहातावर चुना लावून तंबाखू मळतो, तर घरात म्हातारी मिश्री लावते, आणि दोघंही त्याला व्यसन म्हणत नाहीत.

आता खरी गोम. हे आकडे वेगवेगळ्या रकान्यांत पडतात, माणूस मात्र बऱ्याचदा तोच असतो. अमेरिकेत २०,२९१ लोकांच्या पाहणीत (१९९०) दारूच्या विकारात सापडलेल्यांपैकी ३७ टक्क्यांना आयुष्यात कधी ना कधी दुसरा मानसिक विकारही झालेला होता. इतर अमली पदार्थांच्या बाबतीत हे प्रमाण ५३ टक्के. आधी काय, मन की बाटली? दोन्ही वाटा आहेत. झोप येत नाही म्हणून घेतलेली दारू पुढे झोपच मोडते.

वयानुसार चेहरे बदलतात. हुंगण्याच्या नशेत, म्हणजे व्हाइटनर, सोल्यूशनमध्ये, १० ते १७ वयाची मुलं मोठ्यांच्या दुप्पट आहेत : १.१७ टक्के विरुद्ध ०.५८. याच वयात मनाचे आजारही डोकं वर काढतात. म्हातारपणी वेगळाच धोका असतो. तीच दारू कमी पचते, शिवाय झोपेच्या गोळ्या असतात.

पाय मोडून दवाखान्यात पडलेला, रोज पिणारा माणूस घ्या. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात कापतात, चादरीवरचे नसलेले किडे तो वेचू लागतो, भिंतीवर माणसं दिसतात. घरचे म्हणतात, बाहेरचं झालं, देवऋषाला बोलवा. खरं तर दारू अचानक तुटल्याचा हा झटका असतो, आणि त्यात जीव जाऊ शकतो. म्हणून रोजच्या पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एका रात्रीत तोडू नये.

मुठा नदीचंच पाणी पुढे मुळेला मिळून येरवड्याजवळून जातं. तिथल्या मनोरुग्णालयात २,५४० खाटा. ते २ कोटी ९० लाख लोक एकदम दाखल करायचे ठरवले, तर अशी साडेअकरा हजारांच्या आसपास रुग्णालयं लागतील. अर्थात सगळ्यांना दाखल करावं लागत नाही. याच रुग्णालयाच्या आवारात २९ ऑगस्ट १९८६ला डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने ‘मुक्तांगण’ सुरू केलं. व्यसनमुक्तीचं केंद्र मनोरुग्णालयाच्या अंगणात निघावं, हे मला फार शहाणपणाचं वाटतं.

तरीही एम्सच्या अहवालानुसार दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसलीतरी मदत मिळते. उरलेल्या सदतिसांपैकी कुणी तुमच्या घरात असेल, तर व्यसनासाठी १४४४६ आणि मनाच्या त्रासासाठी १४४१६ हे सरकारी क्रमांक आहेत. कुठलाही आधी लावा, पण बोलताना दोन्ही गोष्टी सांगा.