मुंगूस गेलं परदेशी

संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गात अनेकवचनं चालली होती. फुटचं फीट, टूथचं टीथ, गूजचं गीज. सगळ्यांच्या माना डोलत होत्या. मग मी फळ्यावर 'मंगूस' लिहिलं. पहिल्या बाकावरची मुलगी ताडकन म्हणाली, "मंगीज!" नियम तिनं अगदी बरोबर लावला होता, हे मी तिला आधी सांगितलं. मग सांगितलं की उत्तर 'मंगूसेस' असं आहे आणि त्याचं कारण आपल्याच परसात बिळात बसलंय.

गूज म्हणजे हंसाच्या कुळातला पक्षी. हा शब्द इंग्रजीचा घरचा, हजार वर्षांहून जुना. अशा जुन्या घरच्या शब्दांपैकी काहींमध्ये अनेकवचन करताना पोटातला स्वर बदलतो. मंगूस मात्र पाहुणा. सतराव्या शतकात आपल्या किनाऱ्यावर आलेल्या युरोपीय व्यापाऱ्यांनी आणि प्रवाशांनी मराठी 'मुंगूस' ऐकलं आणि आपल्या बोलीत नेलं. पाहुण्याला घरच्या जुन्या रीती लागू होत नाहीत, म्हणून 'मंगीज' नाही. आता मूसचं काय? हे भलंथोरलं सांबरासारखं जनावर उत्तर अमेरिकेतलं आणि त्याचं नावही तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतलं. त्याचं अनेकवचन मूसच! एक मूस, दहा मूस. गूज, मंगूस, मूस: कानाला सख्खी भावंडं, पण तिघांची गावं वेगळी.

तेव्हापासून वर्गात आम्ही एक सवय लावून घेतली आहे. इंग्रजी शब्द आला की आधी त्याचं गाव विचारायचं. गाव कळलं की शब्द विसरत नाही आणि वाटेत भूगोल, चालीरीती, प्राण्यांच्या सवयी असं बरंच काही पदरात पडतं.

मुंगसाचंच घ्या. आपल्याकडे ते दिसलं तर दिवस चांगला जातो म्हणतात. गावाकडची पोरं त्याला रामाची शपथ घालून तोंड दाखवायला लावतात. नागाशी त्याची लढाई तर सर्वांना ठाऊक. पण नागाचं विष त्याला बाधत कसं नाही? नागाच्या विषातला मुख्य घटक मज्जातंतूकडून स्नायूकडे जाणारा निरोप अडवतो. स्नायूवर जिथे तो निरोप पोचतो, ते जणू कुलूप आणि विष म्हणजे त्यात अडकून बसणारी खोटी किल्ली. मुंगसाच्या कुलपाची घडण किंचित वेगळी असते, त्यामुळे ती किल्ली नीट बसत नाही. विष फार गेलं तर मुंगूसही मरतं, म्हणून त्याचा खरा भरवसा चपळाईवर आणि फुलवलेल्या केसांवर. नाग फणा मारतो तो पुष्कळदा केसांवरच पडतो.

याच पराक्रमाची कीर्ती ऐकून माणसांनी मोठी चूक केली. १८७२ मध्ये कलकत्त्याहून नऊ मुंगसं जहाजानं जमैकाला नेली, उसाच्या मळ्यातले उंदीर मारायला. तिथून १८८३ मध्ये त्यांची पिल्लावळ हवाई बेटांवर गेली. मुंगूस दिवसा शिकार करतं आणि उंदीर मुख्यतः रात्री बाहेर पडतात. मुंगसांनी जमिनीवर घरटी करणारे पक्षी, त्यांची अंडी, कासवांची अंडी यांवर ताव मारला. जपानच्या अमामी ओशिमा बेटावर तर १९७९ मध्ये सुमारे ३० मुंगसं हाबू नावाच्या विषारी सापावर सोडली. हाबूसुद्धा रात्रीचाच! दोघांची गाठ क्वचितच पडली आणि जगात फक्त त्या भागात राहणारे काळे अमामी ससे मात्र मुंगसांच्या तोंडी गेले. मग पिंजरे आले, माग काढणारी कुत्री आली, वर्षानुवर्षं मोहीम चालली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये जपाननं बेट मुंगूसमुक्त झाल्याचं जाहीर केलं. 'दिवसा हिंडणारा' आणि 'रात्री हिंडणारा' यांसाठी इंग्रजीत डायअर्नल आणि नॉक्टर्नल असे शब्द आहेत. आमच्या वर्गात आता ते कुणी विसरत नाही.

गोव्याहून निघालेला पक्षी

टर्की या पक्ष्याच्या नावाची गंमत मला सगळ्यांत जास्त आवडते. पक्षी मूळचा उत्तर अमेरिकेतला. त्याला प्रथम माणसाळवलं मेक्सिकोतल्या लोकांनी. मग नाव तुर्कस्तानचं कसं? तुर्की व्यापाऱ्यांकडून येणाऱ्या एका आफ्रिकी कोंबडीला इंग्रज आधीपासून टर्की म्हणत होते. अमेरिकेतला हा पक्षी तिच्यासारखा दिसला, त्यालाही तेच नाव चिकटलं. बरं, तुर्की लोक त्याला काय म्हणतात? 'हिंदी'! म्हणजे हिंदुस्थानचा. फ्रेंच नाव 'दँद', त्याचाही अर्थ 'भारतातला'. पोलिश लोक 'इंडिक' म्हणतात. डच तर थेट केरळच्या कालिकतचं नाव घेऊन 'काल्कून' म्हणतात. पोर्तुगीज भाषेत तो 'पेरू'. लिस्बनच्या हॉटेलात पेरू मागितलात तर बशीत फळ येणार नाही, भाजलेला पक्षी येईल.

प्रत्येकाला वाटलं हा पक्षी दुसऱ्याच कुठल्या तरी लांबच्या देशातून आलाय. कोलंबसानं अमेरिकेला 'इंडिज' म्हटल्याचा गोंधळ असा ताटापर्यंत पोचला.

आणि भारतात तो कुठून आला? गोव्यातून. १६१२ मध्ये जहांगीर बादशहाचा सरदार मुकर्रब खान गोव्याच्या बंदरातून दुर्मिळ वस्तू आणि जनावरं घेऊन दरबारात गेला, त्यात हा पक्षी होता. बादशहाला त्याचं इतकं अप्रूप वाटलं की त्यानं आपल्या आठवणींत त्याचं बारकाईनं वर्णन लिहून ठेवलं आणि चित्रकार मन्सूरकडून चित्र काढवून घेतलं. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. मी त्याची छापील प्रत भिंगाखाली धरून पाहिली आहे. मानेवरच्या लाल गाठी, चोचीवरून लोंबणारी मांसल पट्टी, एकेका पिसाची किनार, सगळं असं की पक्षी आता मान हलवेल. जहांगिरानं एक गोष्ट अचूक टिपली होती: याच्या डोक्याचा आणि मानेचा रंग सारखा बदलतो. त्याचं कारण आज माहीत आहे. त्या कातडीतल्या रक्तवाहिन्या फुगल्या-आकसल्या की तिच्यातल्या तंतूंमधलं अंतर बदलतं आणि प्रकाश वेगळा परावर्तित होतो. पक्षी चिडला, बिथरला, माजावर आला की लाल, निळा, पांढरा असा खेळ मानेवर दिसतो.

अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंगचा सण असतो आणि घरोघरी टर्की शिजते. त्याच सुमारास राष्ट्राध्यक्ष एखाद्या टर्कीला जाहीरपणे 'माफी' देतात. १९८९ पासून ही रीत दरवर्षी पाळली जाते. तो पक्षी मग ताटात न जाता आयुष्यभर दाणे टिपत राहतो. इकडे तुर्कस्तानला मात्र पक्ष्याशी नाव जोडलं जाणं नको होतं. २०२२ मध्ये त्यानं संयुक्त राष्ट्रांना कळवलं की इंग्रजीतही आम्हाला आमच्या भाषेप्रमाणे 'तुर्किये' म्हणा.

गिनीपिगचं नावही असंच दोन्हीकडून फसवं. तो गिनीचा नाही आणि पिग तर मुळीच नाही. हा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला, उंदराच्या दूरच्या नात्यातला प्राणी. पेरू देशात तो आजही आवडीनं खातात. कुस्को शहराच्या कॅथेड्रलमध्ये येशूच्या शेवटच्या भोजनाचं अठराव्या शतकातलं चित्र आहे, त्यात मधल्या ताटात चक्क गिनीपिग आहे. स्वित्झर्लंडमध्ये उलट तऱ्हा: तिथे कायद्यानं एकटा गिनीपिग पाळता येत नाही, कारण त्याला सोबत लागते. तो खुशीत आला की जागच्या जागी उड्या मारतो. इंग्रजीत त्या उड्यांना 'पॉपकॉर्निंग' म्हणतात.

कपड्यांच्या कपाटातही गावं लटकलेली असतात. डेनिम म्हणजे फ्रान्सच्या नीम शहराचं कापड, जीन्समध्ये इटलीचं जिनोआ आणि डंगरी म्हणजे आपल्या मुंबईची डोंगरी. तिथलं जाडंभरडं कापड जहाजावरचे खलाशी वापरत.

कुत्र्यांची बेटं, शिट्टीची भाषा

कॅनरी हा पिवळा, गोड गळ्याचा पक्षी. अटलांटिकमधल्या कॅनरी बेटांवरून त्याचं नाव पडलं. पण बेटांचं नाव पडलं लॅटिन 'कानिस'वरून, म्हणजे कुत्र्यावरून! म्हणजे पक्ष्याच्या नावात कुत्रा दडलाय. ब्रिटनमधल्या कोळशाच्या खाणीत मजूर हा पक्षी पिंजऱ्यात घालून खाली नेत. विषारी वायू असला तर इवलासा पक्षी माणसाच्या आधी कोलमडे आणि मजुरांना पळायला वेळ मिळे. १९८६ पर्यंत ही पद्धत होती. 'खाणीतला कॅनरी' म्हणजे धोक्याची आगाऊ सूचना, हा वाक्प्रचार तिथूनच आला.

याच बेटांपैकी ला गोमेरा हे एक. सह्याद्रीतल्यासारख्या खोल दऱ्या; समोरचा माणूस डोळ्यांना दिसतो, पण त्याच्यापर्यंत चालत जायला अर्धा दिवस. तिथल्या लोकांनी तोडगा काढला: शिट्टी. नुसती हाक मारायला नाही, तर आख्खी स्पॅनिश भाषा ते शिट्टीत बोलतात. एक बोट वाकवून तोंडात घालायचं, दुसऱ्या हाताचा पंजा गालाशी धरायचा आणि आवाजाची पट्टी वरखाली करत वाक्यं पाठवायची. काही किलोमीटरवर ऐकू जातात. टेलिफोन आल्यावर ही विद्या मरू लागली, तेव्हा बेटावरच्या शाळांनी १९९९ मध्ये ती सक्तीचा विषय केली. २००९ मध्ये युनेस्कोनं तिला मानवजातीच्या वारशात जागा दिली. परीक्षेत शिट्टी मारल्याबद्दल गुण मिळणारी ही मुलं! आमच्या वर्गात हे सांगितल्यावर पुढची दहा मिनिटं शिकवणं शक्य नव्हतं.

कावळ्यांची शाळा की खून?

आपण म्हणतो कावळ्यांची शाळा भरली. इंग्रजीत कावळ्यांच्या थव्याला म्हणतात 'मर्डर'. ही विचित्र समूहनामं पंधराव्या शतकातल्या शिकारी लोकांच्या हौसेतून आली. १४८६ मध्ये छापलेल्या 'बुक ऑफ सेंट ऑल्बन्स'मध्ये त्यांची यादी आहे. शाळा मात्र इंग्रजीत माशांची भरते. गंमत म्हणजे त्या 'स्कूल'चा मुलांच्या शाळेशी संबंध नाही. तो शब्द जुन्या डच भाषेतून आला आणि त्याचा अर्थ झुंड. आपल्याकडे पाखरांचा थवा, गुरांचं खिल्लार, मधमाश्यांचं मोहोळ. शब्द पाठ करायचे तर असे जोडीजोडीनं करावेत, असं माझं मत आहे.

आता कावळा खुनी आहे की विद्यार्थी? सिएटलच्या विद्यापीठात २००६ मध्ये संशोधकांनी आदिमानवाचा मुखवटा घालून काही कावळे पकडले, पायात कडी घातली आणि सोडून दिले. त्यानंतर तोच मुखवटा घालून कुणीही फिरलं की कावळे वरून कलकलाट करत अंगावर येत. अनेक वर्षांनंतरही! पकडले न गेलेले कावळेसुद्धा त्यात सामील झाले. त्यांना इतर कावळ्यांनी शिकवलं होतं. मराठीचा शब्द इथे जास्त खरा ठरला. दहाव्याला पिंडापाशी कावळ्याची वाट पाहत बसलेल्या माणसांना तो हुशार पक्षी आहे हे वेगळं सांगावं लागत नाही.

मगरीचं रडणंही तपासून झालंय. फ्लोरिडात मगरीच्या जातकुळीतल्या सात प्राण्यांना खाताना चित्रित केलं, तर पाचांच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा नक्राश्रू खरेच असतात, फक्त दुःखाशी त्यांचा संबंध दिसत नाही. शहामृगाबद्दल मात्र मराठी आणि इंग्रजी दोघींनी मिळून खोटं बोलायचं ठरवलंय. शहामृग वाळूत मान खुपसत नाही. जमिनीतल्या खड्ड्यात त्याची अंडी असतात आणि ती उलटीपालटी करायला तो मान खाली घालतो.

पिल्लांच्या नावांत मात्र मराठीची श्रीमंती पाहून मला दर वेळी आनंद होतो. गाईचं वासरू, म्हशीचं रेडकू, शेळीचं करडू, मेंढीचं कोकरू, घोडीचं शिंगरू, हरणाचं पाडस, सिंहाचा छावा. इंग्रजीतही काफ, किड, लॅम, फोल, फॉन, कब. मुलांना इंग्रजीत 'किड्स' म्हणतात ते मुळात करडं. कांगारूचं पिल्लू 'जोई', जन्मतः जेमतेम दोन सेंटिमीटर, शेंगदाण्याएवढं.

आणि पफिन या समुद्रपक्ष्याचं पिल्लू 'पफलिंग'. आइसलंडच्या दक्षिणेला वेस्टमन बेटांवर पफिनची प्रचंड वस्ती आहे. ऑगस्टअखेरीस पफलिंग कड्यावरच्या बिळातून रात्री पहिल्यांदा बाहेर पडतं आणि चंद्राच्या उजेडावर समुद्राकडे झेपावतं. पण गावात दिवे लागलेले असतात. पिल्लू फसतं आणि रस्त्यावर, गाड्यांखाली, बंदरातल्या पेट्यांच्या मागे येऊन पडतं.

म्हणून त्या दिवसांत बेटावरच्या मुलांना रात्री उशिरापर्यंत बाहेर राहायची परवानगी असते. हातात बॅटरी आणि पुठ्ठ्याचं खोकं. पिल्लं शोधायची, खोक्यात घालून घरी न्यायची, रात्रभर सांभाळायची. सकाळी आईबापांबरोबर कड्यावर जायचं. पिल्लाला दोन्ही हातांत धरायचं, हात झोका घेतल्यासारखे मागे न्यायचे आणि जोर लावून हवेत वर फेकायचं. क्षणभर ते दगडासारखं खाली जातं, मग पंख फडफडतात आणि ते पाण्याच्या दिशेनं निघतं.