सोंग घेणारी चिप

घरांतील वायफायची पेटी आमच्या बहुतेक विद्यार्थिमित्रांनीं पाहिली असेल. तिच्या पोटांत एक लहानसा संगणक असतो, व पुष्कळ पेट्यांत तो लिनक्स या प्रणालीवर चालतो. वीज येतांच त्याच्या प्रोसेसरास पहिला धडा देते ती शेजारची फ्लॅश मेमरी. वीज गेली तरी तिच्यावरील लेख पुसत नाहीं.

अशी यंत्रें घडविणारास मात्र दिवसांतून अनेकदां नवा धडा लिहून पाहावा लागतो. फ्लॅश पुसावयास वेळ लागतो, व वारंवार पुसल्यानें ती झिजतेही. म्हणून प्रयोगापुरती तिच्या जागीं एफपीजीए नांवाची चिप जोडतात. हिची अंतर्रचना हवी तशी पुनःपुन्हां बदलतां येते. १९८५ सालीं अमेरिकेंतील झायलिंक्स कंपनीनें अशी पहिली चिप विक्रीस आणिली. तिनें फ्लॅशचें सोंग इतकें हुबेहूब वठवावयाचें कीं, लिनक्सला भेद कळूं नये.

दोघांमध्यें चार मुख्य तारा असतात: एक निवडीची, एक ताल देणारी, एक प्रश्न नेणारी व एक उत्तर आणणारी. प्रथम लिनक्स १५९ या अंकाची आज्ञा पाठवून विचारते, "तूं कोण?" उत्तरादाखल २३९, ६४ व २४ हे तीन अंक आले, तर ही विनबाँड कंपनीची १६ मेगाबाइटांची चिप, असें ती समजते. यांतील २४ चा अर्थ असा कीं, २ चा २४ वा घात केला असतां जितकी संख्या येते, तितके बाइट या चिपेंत मावतात.

नांव सांगितलें म्हणजे झालें असें नाहीं. वागणूकही जुळली पाहिजे. खरी फ्लॅश पुसली असतां तिच्यांतील प्रत्येक खूण १ होते, आणि लिहितांना १ चा ० होतो. ० चा १ होत नाहीं. "काम संपलें काय?" या प्रश्नासही योग्य उत्तर द्यावें लागतें, नाहींतर लिनक्स ताटकळत राहते.

सर्व सोंगें आणतां येतात, पण पैशाचें सोंग आणतां येत नाहीं, असें आपण म्हणतों. येथें वेळेचें सोंग आणतां येत नाहीं. सेकंदास ५ कोटी ताल पडत असतां, साध्या वाचनाच्या आज्ञेंत पत्त्याची शेवटची खूण पोंचल्यावर अर्ध्या तालांत, म्हणजे सेकंदाच्या दहा कोटीव्या भागांत, उत्तर निघावें लागतें. तें न साधल्यास ताल मंद करावा, किंवा जलद वाचनाची आज्ञा वापरावी. तींत पत्त्यानंतर आठ ताल मोकळे सोडलेले असतात.

शेवटची अडचण मोठी मौजेची आहे. बहुतेक एफपीजीए वीज जातांच आपली रचना विसरतात. त्यांनाही पहिला धडा दुसऱ्या एका खऱ्या फ्लॅशकडूनच घ्यावा लागतो! तो पुरा होण्यापूर्वीं प्रोसेसर जागा झाला, तर त्याच्या प्रश्नास उत्तर मिळत नाहीं व यंत्र मुकें राहतें. यास्तव एफपीजीए "मी सिद्ध आहें" अशी खूण देईपर्यंत प्रोसेसरास निजवून ठेवावें लागतें.

दुसऱ्यास शिकवूं पाहणारानें आधीं आपला धडा पुरा करावा, हा नियम वर्गाप्रमाणें या इवल्या चिपेसही लागू आहे.