टॅक्सीच्या मीटरमधला चढ

दहावीच्या निर्देशक भूमितीत ‘रेषेचा चढ’ अडला असेल, तर दादर स्टेशनबाहेर काळ्या-पिवळ्या टॅक्सीत बसा. १ फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये, पुढे किलोमीटरला २०.६६. दीड किलोमीटरपर्यंत भाडं हलतच नाही. आलेखावर आडवी रेषा, चढ शून्य. मग रेषा वर निघते.

आता दोन बिंदू घ्या: दीड किलोमीटरला ३१, साडेचारला ९३. भाड्यातला फरक ६२, अंतरातला ३. भागाकार साधारण २०.६७, म्हणजे जवळपास दरपत्रकातलाच दर! हाच चढ.

आधीच्या दरात हेच आकडे २८ आणि ८४ होते, चढ १८.६७. दोन्ही रेषा एकाच कागदावर काढून बघाच. दीड किलोमीटरला तीन रुपयांचं अंतर, साडेचारला नऊचं. चढ जास्त असलेली रेषा दूर दूर जात राहते, म्हणून वाढ परळ-लालबागच्या फेरीत फारशी जाणवत नाही, दादर-गिरगावला जाणवते.

आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट: २०.६६ ला दीडने गुणा. ३०.९९ येतात. म्हणजे ती तिरकी रेषा मागे वाढवली, तर जवळजवळ थेट आरंभबिंदूतून जाते.